पाळक व्हायचंय? मग आधी कागद नीट लावा

ऑर्डिनेशनचा, म्हणजे पाळकपणाच्या दीक्षेचा, फॉर्म नसतो. हे पहिल्यांदाच सांगून टाकतो, कारण तरुण मुलं माझ्याकडे येतात ती तोच मागायला, आणि हल्ली मुलीही येतात. वेबसाइट उघडायची, अर्ज भरायचा, फी भरून तारीख घ्यायची, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात असतं. प्रत्यक्षात बिशपसाहेबांच्या ऑफिसात गेलात की तिथले लोक पहिला प्रश्न विचारतात, "मंडळीचं पत्र आणलंय का?" मंडळी म्हणजे तुमचं स्थानिक चर्च. नाही म्हणालात की चहा पाजून परत पाठवतात.

मी स्वतः पाळक नाही. रेल्वेच्या अकाउंट्स खात्यातून रिटायर झालो आणि मध्य मुंबईतल्या एका मराठी मंडळीच्या पास्टरेट कमिटीचा, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीचा, सचिव म्हणून बरीच वर्षं कागद सांभाळतोय. पाळक होऊ पाहणाऱ्याचा पहिला अर्ज ज्या टेबलावर येतो, ते माझं टेबल. तेव्हा पाचारण, म्हणजे सेवेसाठी देवाचं बोलावणं, ते काय असतं हे मी सांगणार नाही, ते सांगणारे पुष्कळ आहेत. अर्ज कुठं अडतो ते मात्र मला ठाऊक आहे.

आधी आपली मंडळी कुठल्या चर्चची आहे ते नीट माहीत करून घ्या. हसू नका, अर्ध्या मुलांना ते सांगता येत नाही. मी लिहितोय ते मुख्यतः चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या, म्हणजे सीएनआयच्या पद्धतीबद्दल. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा वेगवेगळी चर्चेस एकत्र येऊन सीएनआय झालं. त्यात अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले, होते, काँग्रिगेशनल आणि प्रेसबिटेरियन होते, बॅप्टिस्ट होते. म्हणून आज एकाच डायोसिसमध्ये, म्हणजे एका बिशपच्या हाताखालच्या प्रांतात, एक मंडळी मूळची इंग्लंडच्या चर्चची, दुसरी अमेरिकन मराठी मिशनची आणि तिसरी स्कॉटिश मिशनची असते. नियमांचं पुस्तक एकच, पण सवयी जुन्याच. अमेरिकन मिशनच्या वळणाच्या मंडळीत कमिटीतल्या वडीलधाऱ्यांचा शब्द फार चालतो, तर अँग्लिकन वळणाच्या मंडळीत पाळकसाहेबांनी मान हलवली की काम पुढं सरकतं. आपल्याकडे कोणाला आधी भेटायचं हे त्यावरून ठरवा.

मेथडिस्ट असाल तर वाट वेगळी. तिथे कॉन्फरन्सचं, म्हणजे त्या चर्चच्या प्रातिनिधिक सभेचं, राज्य. आधी स्थानिक उपदेशक म्हणून परवाना, मग डीकन, मग एल्डर, अशा पायऱ्या आहेत, आणि तुमचं नाव पुढे जातं तेही कॉन्फरन्समधूनच. मुक्तिफौजेत (साल्व्हेशन आर्मीत) कॅडेट म्हणून प्रशिक्षण घेऊन ऑफिसर होतात. कॅथलिकांचं तर सगळंच निराळं. आपल्या पॅरिशच्या फादरांशी बोलायचं, मग गोरेगावच्या सेंट पायस सेमिनरीचा रस्ता; सेमिनरी म्हणजे धर्मसेवक घडवणारं कॉलेज. किमान दोन वर्षं तत्त्वज्ञान, चार वर्षं ईश्वरविज्ञान, लग्न नाही, आणि गुरुदीक्षेसाठी वय कमीत कमी २५. कुठल्याही मोठ्या चर्चला न जोडलेल्या स्वतंत्र मंडळ्यांबद्दल पुढं लिहितो, कारण तिथेच कायद्याची गडबड जास्त होते.

एक गोष्ट करू नका. इथं वेळ लागतोय म्हणून दुसऱ्या चर्चमध्ये उडी मारू नका. नव्या ठिकाणी तुम्ही पुन्हा पहिल्या वर्षाचे सभासद, आणि तिथले सचिव माझ्यासारखेच असतात. ते जुन्या मंडळीला फोन करतात. रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला आणि पाळकपणाची दीक्षा मिळाली १९०४ साली. टिळकांना नऊ वर्षं लागली, तर तुम्हाला दोन-चार लागली म्हणून बिघडत नाही.

आता कागद. बाप्तिस्म्याचा दाखला, दृढीकरणाचा (कन्फर्मेशनचा) दाखला, मंडळीचं पूर्ण सभासदत्व, दहावी-बारावी-पदवीच्या मार्कशीट, लग्न झालं असेल तर त्याचा दाखला. एवढंच. पण या एवढ्यातच वर्ष जातं. आपल्या मुंबईच्या मराठी ख्रिस्ती घरांतली बहुतेक नगर, सोलापूर, जालना, सातारा इकडून आलेली. आईवडील गिरणीत किंवा मिशनच्या दवाखान्यात कामाला आले आणि पोरांचे बाप्तिस्मे मात्र सुट्टीत गावी जाऊन केले. म्हणजे नोंद गावच्या मंडळीच्या वहीत. तिथल्या पाळकांना फोन करताना नुसतं "माझा दाखला पाठवा" म्हणू नका. वडिलांचं पूर्ण नाव, आईचं माहेरचं नाव, अंदाजे साल, शक्य असेल तर बाप्तिस्मा कुणी दिला त्या पाळकांचं नाव, हे सगळं लिहून द्या. जुन्या वह्या सालवार असतात, आडनावावरून शोधता येत नाहीत. जाणं शक्य असेल तर जाच. वही समोर असली की दहा मिनिटांचं काम, नाहीतर महिने लागतात.

मग नाव जुळत नाही. वहीत "याकोब भाऊराव", आधारवर "जेकब बी.", शाळेच्या दाखल्यावर "राजू". ही तीन माणसं नाहीत हे तुम्हाला माहीत आहे, सेमिनरीच्या क्लार्कला नाही. राजपत्रात नावबदल करून घ्या. अर्ज ऑनलाइन होतो, आणि हे काम सेमिनरीत जाण्यापूर्वी उरका. पदवी एकदा चुकीच्या नावावर निघाली की दुरुस्तीसाठी आयुष्यभर चिठ्ठ्या लिहीत बसाल.

आता जरा अवघड विषय. शाळेच्या दाखल्यावर धर्माच्या रकान्यात काय लिहिलंय ते बघा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा सुरुवातीला फक्त हिंदूंना होता. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आजही त्यात नाहीत. त्यामुळे रविवारी मंडळीत आणि दाखल्यावर दुसरंच, अशी घरं आपल्यात आहेत. का आहेत हेही आपल्याला माहीत आहे, मी कुणाला नावं ठेवत नाही. पोटाचा आणि पोरांच्या शिक्षणाचा प्रश्न होता. पण ज्याला दीक्षा घ्यायची आहे त्याने हे आधी मिटवावं. कमिटी विचारते. कमिटीने नाही विचारलं तर पुढं कोर्टकचेरीत कुणीतरी विचारतंच, आणि तेव्हा तुमच्याबरोबर मंडळीचीही शोभा होते.

कागद जमत असतानाच काम चालू ठेवा, कारण मंडळीला तुम्ही दिसायला हवेत. संडे स्कूल शिकवा. उपासनेत वचन वाचा आणि वाचण्याआधी घरी मोठ्याने वाचून या. मत्तयाच्या पहिल्या अध्यायातली वंशावळ न अडखळता वाचणाऱ्याला आमच्या कमिटीतल्या बाई लगेच ओळखतात. घरोघरच्या प्रार्थनासभांना जा, त्याही फक्त जवळच्या नाहीत. मंडळी नावाला परळ-भायखळ्याची असली तरी माणसं आता डोंबिवली, बदलापूर, नालासोपारा इथं राहतात. गुरुवारी रात्री कल्याण लोकलमधून उभ्याने जाऊन प्रार्थनासभा घेऊन येणारा मुलगा कोण, हे सगळ्या मंडळीला ठाऊक असतं.

संदेश द्यायची, म्हणजे उपासनेत उपदेश करायची, पहिली मोठी संधी बहुधा उत्तम शुक्रवारी मिळते. वधस्तंभावरचे सात उद्गार सात जणांना वाटून देतात, त्यात एखादा तरुणाला येतो. तेव्हा दिलेल्या वेळात संपवा. दहा मिनिटं सांगितली तर नऊ घ्या. तीन तासांची उपासना असते, लोक उपाशी असतात, आणि तुमच्यानंतर बोलणारा ज्येष्ठ असतो. त्या नऊ मिनिटांत इंटरनेटवरच्या परदेशी उपदेशकाची नक्कल करू नका. "हालेलूया बोला" म्हणून तीनदा लोकांकडून ओरडून घेतलं की आमच्या कमिटीच्या वहीत नावापुढे प्रश्नचिन्ह पडतं. मला विचाराल तर ते बरोबरच आहे.

आणि मयतीला जा. हे मी अगदी आग्रहाने सांगतो. केईएमच्या शवागाराबाहेर कागद मिळेपर्यंत घरच्यांजवळ थांबायचं, शिवडीच्या कबरस्तानात जागेचं बघायचं, परगावाहून येणाऱ्या मुलासाठी किती वेळ थांबायचं हे ठरवताना भावाभावांत लागणारी भांडणं शांतपणे ऐकायची, आणि या सगळ्यात पाळकसाहेब काय करतात, काय बोलत नाहीत, ते बघायचं. सेमिनरीत हे शिकवत नाहीत असं नाही, पण पुस्तकात मयतीच्या घरी फोन वाजत नसतो. आमच्याकडे अर्ज केलेल्यांपैकी काहींनी मयतीची दोन-चार कामं बघून स्वतःच अर्ज मागे घेतला. त्यांना कुणी कमी समजलं नाही. उलट ते आज मंडळीचे चांगले खजिनदार, चांगले संडे स्कूल शिक्षक आहेत.

मग पत्र. हे एका पानाचं असावं, मराठीत असावं, हाताने लिहिलं तरी चालेल. आपल्या साक्षीची, म्हणजे स्वतःच्या विश्वासाच्या अनुभवाची, चार पानं जोडू नका, ती मुलाखतीत सांगायची. मजकूर साधारण असा ठेवा:

"आदरणीय पाळकसाहेब व कमिटीचे सभासद यांस, सप्रेम सलाम. मी या मंडळीचा पूर्ण सभासद असून माझे दृढीकरण अमुक साली झाले. संडे स्कूलमध्ये व अमुक भागातील प्रार्थनासभांत मी सेवा करतो. प्रभूने मला पूर्ण वेळ सेवेसाठी पाचारण केले आहे असे मला वाटते. ते पारखून पाहण्यास मंडळीने मला साहाय्य करावे आणि योग्य वाटल्यास माझे नाव बिशपसाहेबांकडे पाठवावे, ही नम्र विनंती. माझ्या घरच्यांची यास संमती आहे."

शेवटचं वाक्य खरं असेल तरच लिहा. बायको मान डोलावत नसेल तर थांबा, तिला मनवून अर्ज आणू नका. डायोसिसच्या मुलाखतीत तिलाही बोलावतात, आणि ती गप्प बसली तरी मुलाखत घेणाऱ्या बोर्डाला कळतं. "पारखून पाहण्यास" हे मुद्दाम घातलंय. ज्या अर्जात "देवाने मला सांगितलं आहे, तुम्ही फक्त सही करा" असा सूर असतो, त्या अर्जाला कमिटीत पहिला विरोध सगळ्यात प्रार्थनाशील म्हातारीच करते.

पत्र दिलं की कमिटीच्या सभेत ठराव होतो, पाळकसाहेब शिफारस जोडतात आणि पाकीट डायोसिसच्या ऑफिसात जातं. ठरावाची प्रत मागून घ्या आणि घरी ठेवा. आणखी एक, हे कुठल्या पुस्तकात नाही: कमिटीच्या निवडणुकीच्या तोंडावर अर्ज देऊ नका. मुंबईतल्या जुन्या मंडळ्यांच्या जागा सोन्याच्या भावाच्या आहेत. त्यावरून गट आहेत, काही ठिकाणी कोर्टात तारखा चालू आहेत. त्या काळात अर्ज आला की एक गट म्हणतो आपला माणूस, दुसरा म्हणतो त्यांचा माणूस, आणि तुमच्या पाचारणाचं कुणाला पडलेलं नसतं. निवडणूक होऊन जाऊ द्या, नवी कमिटी बसू द्या, मग पत्र द्या. कुठल्याही गटाच्या पत्रकावर सही करू नका, मामा करत असले तरी.

डायोसिसच्या मुलाखतीत बायबलमधले प्रश्न येतात, पण मुलं अडकतात ती साध्या प्रश्नांवर. कर्ज आहे का? आईवडिलांना कोण बघणार? खेड्यात पाठवलं तर जाल का? या शेवटच्या प्रश्नाला मुंबईची मुलं "प्रभूची इच्छा" म्हणतात आणि बोर्डावरचे लोक एकमेकांकडे बघतात. सरळ सांगा, जाईन किंवा दोन वर्षं तरी अडचण आहे. तुम्हीही प्रश्न विचारा. मानधन किती, घर मिळेल का, सेमिनरीची फी कोण भरणार, हे विचारणं अविश्वास नाही.

फीचा मुद्दा मोठा आहे, कारण इथेच सगळ्यात जास्त पोरं फसतात. सेमिनरीत दोन प्रकारे जाता येतं: डायोसिसने पाठवलेला उमेदवार म्हणून किंवा स्वतःच्या खर्चाने. स्वखर्चाने जाऊन उत्तम गुणांनी पदवी आणलीत, तरी दीक्षा द्यायला डायोसिस बांधील नाही. पदवी वेगळी, दीक्षा वेगळी. म्हणून आधी मंडळीचं पत्र आणि डायोसिसची मान्यता, मग प्रवेश. उलट क्रमाने गेलेले हुशार तरुण आज शाळेत नोकऱ्या करताना मी बघतो.

कुठं शिकायचं? आपल्या बाजूच्या मुलांना पुणं जवळचं: युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी, किंवा बिबवेवाडीचं युनियन बिब्लिकल सेमिनरी, जे पूर्वी यवतमाळला होतं. मेथडिस्टांचं लिओनार्ड कॉलेज जबलपूरला आहे, आणि कोलकात्याचं बिशप्स कॉलेज १८२० सालचं. पण कुठं शिकता यापेक्षा पदवी कोण देतं ते आधी बघा. आपल्या मुख्य चर्चेसमध्ये चालते ती बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजच्या सिनेटची. केरी, मार्शमन आणि वॉर्ड या मिशनऱ्यांनी १८१८ साली काढलेलं ते कॉलेज, डेन्मार्कच्या राजाने १८२७ साली त्याला पदव्या देण्याची सनद दिली. त्याच सेरामपूरमध्ये केरींचं मराठी व्याकरण १८०५ साली छापलं गेलं, तेव्हा परकं म्हणू नका. पदवीधरांसाठी तिथली बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) साधारण चार वर्षांची, बारावीनंतर जायचं तर बी.टीएच. (बॅचलर ऑफ थिऑलॉजी) आहे. ग्रीक आणि हिब्रूची भीती बाळगू नका, पहिल्या सहा महिन्यांत सगळ्यांचीच दमछाक होते.

नोकरी सोडता येत नसेल तर सेरामपूरचाच बहिःस्थ अभ्यासक्रम आहे, ख्रिस्ती अभ्यासाची पदवी घरी राहून करता येते. संडे स्कूल शिक्षकांनी, कमिटीवाल्यांनी जरूर करावी. पण तिला बी.डी.चा पर्याय समजून दीक्षा मागायला येऊ नका.

आणि मराठी सोडू नका. सेमिनरीत व्याख्यानं, पुस्तकं, निबंध बरंचसं इंग्रजीत. चार वर्षांनी मुलगा परत येतो आणि व्यासपीठावरून "देवाच्या कृपेचं कॉन्टेक्स्ट" सांगू लागतो. समोर नगरकडची आजी बसलेली असते. सुट्टीत घरी आलात की दर वेळी एक संदेश मराठीत, कागद न बघता द्या. 'उपासना संगीत' या आपल्या गीतांच्या पुस्तकातली पदं पाठ असू द्या, पेटी वाजवता आली तर दुधात साखर.

परत आल्यावर काही काळ उमेदवारी असते, ज्येष्ठ पाळकांच्या हाताखाली. मग डीकनची, म्हणजे पहिल्या पायरीची, दीक्षा, नंतर प्रेसबिटरची, म्हणजे पूर्ण पाळकाची. डीकन असताना प्रभुभोजनाचा विधी स्वतः चालवता येत नाही, हे नातेवाइकांना आधीच समजावून ठेवा, नाहीतर घरचा पहिला कार्यक्रम रुसव्यात जातो. मुलींनी मागे राहू नये. सीएनआयमध्ये स्त्रियांना दीक्षा मिळते, आणि दक्षिणेकडच्या सीएसआयमध्ये (चर्च ऑफ साउथ इंडियामध्ये) २०१३ साली एक बाई बिशपही झाल्या. मंडळीत कुणी कुरकुरलं तर कुरकुरू द्या, नियमात काही अडचण नाही. दीक्षेचं पत्र मिळालं की त्याच्या प्रती काढून एक डायोसिसच्या फाइलला, एक मंडळीत, एक बँकेच्या लॉकरमध्ये.

आता लग्न लावण्याचा अधिकार. १८७२ चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा सांगतो की ख्रिस्ती लग्न कोण लावू शकतं: बिशपच्या हातून दीक्षा मिळालेला सेवक, स्कॉटलंडच्या चर्चचा पाळक, सरकारी परवाना असलेला धर्मसेवक, विवाह निबंधक, आणि भारतीय ख्रिस्ती लोकांच्या लग्नाचे दाखले देण्याचा परवाना असलेली व्यक्ती. बस. सीएनआयचा पाळक पहिल्या प्रकारात येतो. स्वतंत्र मंडळीच्या पास्टरवर वडीलजनांनी दीक्षेसाठी हात ठेवले असतील, मंडळी त्याला मानत असेल, तरी राज्य सरकारच्या परवान्याशिवाय त्याने लग्न लावू नये. अधिकार नसताना लग्न लावलं तर दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. मंडळीची ट्रस्ट म्हणून नोंदणी वरळीच्या धर्मादाय आयुक्तांकडे झाली म्हणजे लग्नाचा परवाना मिळाला, असंही नाही. दोन्ही कागद वेगळे.

त्याच कायद्यात, काही अपवाद सोडले तर, लग्न सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळेतच लावायचं असं आहे. मुंबईत याला फार महत्त्व. नवरी ठाण्याहून निघालेली, सायनला गाडी अडकलेली, आणि घड्याळात साडेसहा. म्हणून लग्नाची वेळ चारच्या पुढची देऊ नका, हॉलवाले काहीही म्हणोत.

ऑनलाइन मिळणाऱ्या दीक्षेबद्दल मला फार लिहायचं नाही. परदेशातली एखादी संस्था पैसे घेऊन सोनेरी शिक्क्याचं सर्टिफिकेट पाठवते, वर "डॉक्टर" पदवीही देते. त्या कागदाने इथं लग्न लावता येत नाही आणि कुठलीही डायोसिस तो मानत नाही. नावामागे डॉ. लावून बॅनर छापणारे पास्टर दिसले की मी फक्त विचारतो, प्रबंध कशावर होता?

शेवटचा मुद्दा घराचा. पाळकाला राहायला मंडळीचं घर मिळतं, कधी कधी भायखळ्यासारख्या ठिकाणी, उंच छताचं, अंगण असलेलं. पाहुणे म्हणतात काय भाग्यवान. पण बदली झाली की ते सोडायचं आणि निवृत्तीच्या दिवशीही सोडायचं. मानधनातून मुंबईत घर होत नाही. म्हणून बायकोची किंवा नवऱ्याची नोकरी सोडायला लावू नका आणि दीक्षेनंतरच्या पहिल्या पाच वर्षांतच वांगणी, नेरळ किंवा गावाकडे, जिथं जमेल तिथं, स्वतःच्या नावावर काहीतरी करून ठेवा. सेमिनरीत जाण्याआधी नोकरी केली असेल तर पीएफ काढून फी भरू नका, तो तसाच राहू द्या.